डावं मडगार्ड

फायबरच्या गाडीला पत्रा नसतो, हे लोकांना सांगून सांगून माझा घसा बसलाय. तरी रोज कुणीतरी येतोच, गाडीचा फुटका कोपरा दाखवतो आणि म्हणतो, "ताई, जरा ठोकून सरळ करा." अहो, काय ठोकू? पत्रा चेपतो, फायबर फुटतं. काचेच्या धाग्यांची मॅट असते, तिच्यावर रेझिन लावून, थरावर थर देऊन ते कडक केलेलं असतं. त्यावर हातोडा घातला तर तुकडे गोळा करत बसावं लागेल. एवढं ऐकून घेतल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला, "मग दुरुस्त करायचं का बदलायचं?" आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही त्यांचं तयार. ज्याला बदलायचंय त्याला दुरुस्ती नको असते, ज्याला दुरुस्ती हवीय त्याला खरं ऐकायचं नसतं. विचारता कशाला मग?

पण गिऱ्हाईक परवडलं. गिऱ्हाइकाला दाराबाहेर काढता येतं. त्या दिवशी माझं डोकं फिरवलं ते घरच्यांनी.

सकाळी वर्कशॉप उघडायला आले तर शटरसमोर बाबांची गाडी आडवी उभी, आणि बाबा आत स्टिअरिंग धरून बसलेले. काचा वर. मी काच वाजवली तेव्हा दचकले.

"लागली," काच खाली करून ते म्हणाले.

"कशाला?"

"लागली कशाला तरी. तू पुट्टी भर, रंग मार, संध्याकाळी घेऊन जातो."

नमस्कार नाही, चमत्कार नाही. जणू मी त्यांच्या पगारावर आहे. म्हणजे एकेकाळी होतेच. हे वर्कशॉप बाबांचं. मॅट कशी फाडायची, रेझिन कसं कालवायचं, फुटलेल्या कडा कुठवर घासून पातळ करायच्या, सगळं त्यांनीच शिकवलं. खरं तर शिकवायचं होतं धाकट्याला, माझ्या भावाला. पण त्याला रेझिनच्या वासानं मळमळायचं. तो शिकला, विमा कंपनीत चिकटला आणि आता एसीत बसून लोकांच्या ठोकलेल्या गाड्यांवर शेरे मारतो. मी राहिले इथं, अंगाला काचेची कूस टोचून घेत.

आणि ही गाडी म्हणजे बाबांचा जीव. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. बाबांनी ती कुणाच्या तरी परसात सडत पडलेली उचलून आणली, फ्रेम तेवढी धड होती. वरची सगळी फायबरची बॉडी त्यांनी स्वतःच्या हातानं उभी केली. आई म्हणते, या गाडीचे जेवढे लाड झाले तेवढे माझे झाले असते तर मी अजून पंचविशीतली दिसले असते. त्या गाडीवरूनच बाबांचं ते वाक्य निघालं, जे ऐकत मी मोठी झाले: फायबर कधी मरत नाही, कंटाळतो तो कारागीर. आमच्या वर्कशॉपमध्ये 'बदला' हा शब्द शिवीसारखा. दुसरीकडून 'नवाच टाका' असं ऐकून आलेली माणसं आमच्याकडे यायची आणि बाबा तोच जुना भाग उभा करून द्यायचे.

तर मी शटर वर केलं, बाबांनी गाडी आत घेतली, म्हणजे घेता घेता डाव्या बाजूचं पिंप पाडलं, आणि तेवढ्यात फोन वाजला. धाकटा.

"ताई, बाबा तिकडे आलेत का?"

"समोरच उभेत. पिंप पाडून."

"मग बाहेर जाऊन बोल."

मी बाहेर गेले. तिथंच माझं चुकलं. कामाच्या वेळी या भावाचा फोन घ्यायचा नाही, असा मी किती वेळा कानाला खडा लावला असेल, पण पुन्हा आहेच.

"ऐक," तो म्हणाला, "गाडीचा डावा कोपरा फुटलेला दिसला सकाळी. त्यांना सांग की दुरुस्त होत नाही."

"मी अजून बघितलंसुद्धा नाही!"

"बघायचंय काय त्यात? सांग की आता बदलावंच लागेल, आणि ही गाडी आता बनत नाही, भाग मिळत नाही. संपला विषय. गाडी उभी राहिली की त्यांचं चालवणं आपोआप बंद. ताई, त्यांचं वय बघ. उद्या काही झालं तर? सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही."

"साप तुमचा आणि काठी माझी! तूच का सांगत नाहीस त्यांना, की बाबा, आता चालवू नका?"

"मी सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल."

"आणि मी सांगितलं तर?"

"तुझ्यावर चिडतील फक्त. तुला सवय आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही बोलणार तोच फोन आईनं घेतला. आई कुजबुजत होती. बाबा घरात नव्हते, चार रस्ते पलीकडे माझ्या वर्कशॉपमध्ये होते, तरी कुजबुजत होती. हल्ली त्या घरात बाबांविषयी सगळे असेच बोलतात, पाळण्यातलं मूल जागं होईल अशा आवाजात.

"अगं, तो सांगतोय तसं कर. पण हळू हं. त्यांना लागेल असं काही बोलू नकोस. तुझं तोंड फार फटकळ आहे."

"फटकळ आहे म्हणून तर पुढे करताय मला!"

"बघ, लगेच ओरडलीस."

"आई, त्यांनी गाडी चालवू नये असं तुम्हाला वाटतं ना? मग त्यांच्या तोंडावर सांगा. माझ्या कामाच्या नावानं खोटं सांगायला लावू नका. दुरुस्त होत असेल तर होतं म्हणून सांगणार. माझ्याकडे खोटं चालत नाही, तुमच्या घरात चालत असेल!"

फोन आपटायची सोय आता राहिली नाही, नुसतं बोट दाबायचं. त्यानं राग काही उतरत नाही. आत आले तर बाबांनी विचारलं, "कोण होतं गं?"

"रेझिनवाला," मी म्हणाले. खोटं चालत नाही असं सांगून अजून घोटभर पाणीसुद्धा प्यायले नव्हते.

गाडीकडे वळले. या गाडीचं पुढचं मडगार्ड आणि दिव्याची खोबण हा एकच सलग भाग आहे, खालून फ्रेमला चिकटवलेला. डाव्या मडगार्डला चाकाच्या कमानीपासून वर चीर गेली होती आणि तिच्याभोवती बारीक रेघा पसरल्या होत्या. बघताक्षणी मला हायसं वाटलं. हे काय, नेहमीचं काम. घासायचं, मागून थर द्यायचे, पुढून द्यायचे, संपलं. धाकट्याला तोंडावर सांगेन, होतंय दुरुस्त, बस आता बोंबलत.

बाबा स्टूल ओढून समोर बसले आणि सुरू झाले.

"आधी धुऊन घे. मेण राहिलं तर रेझिन धरणार नाही."

"हो."

"कोरडं होऊ दे नीट."

"हो बाबा."

"आणि जास्त घासू नकोस. वरच्यावर पुट्टी भरलीस तरी—"

मी मान वर केली. माझा पेंटर कोपऱ्यात डबे हलवत होता, त्यानंही केली. हा पेंटर बाबांच्या काळापासूनचा आहे, बोलतो कमी आणि नाक जास्त उडवतो. फायबरच्या चिरेत नुसती पुट्टी भरायची, असं बाबा म्हणाले होते! मी लहान असताना एकदा तसं केलं होतं तर त्यांनी मला सगळं खरवडून काढायला लावलं होतं. पुढून भरतो ते लोकांसाठी, मागून लावतो ते गाडीसाठी, हे कुणाचं वाक्य? माझं?

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? कामाचं बघ."

ठीक आहे. मी खिशातून नाणं काढलं. ही आमची रीत. कुठलाही भाग हातात घेतला की आधी नाण्यानं वाजवून बघायचं. थर एकमेकांना धरून असतील तर खणखणीत वाजतं, सुटले असतील तर ठप्प. डोळ्याला सगळं सारखंच दिसतं, रंगाखाली काय शिजतंय ते कान सांगतो.

चिरेजवळ ठप्प वाजलं. ते वाजणारच. वीतभर पुढे गेले, तरी ठप्प. वर गेले, ठप्प. दिव्याच्या खोबणीपाशी, जिथं रंगाला साधा ओरखडा नव्हता, तिथंही ठप्प. मला कळेना, हे मडगार्ड आहे की उशी.

"तिथं काय वाजवत बसलीस?" बाबा एकदम ओरडले. "फुटलंय इथं आणि तू वाजवतेस तिथं!"

"बाबा, मला काम करू द्या."

"काम कर ना! वाजंत्री कशाला?"

मी मास्क चढवला आणि ग्राइंडर सुरू केला. बाबा काहीतरी बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं, आणि खरं सांगते, फार बरं वाटत होतं.

रंग गेला. खाली पुट्टी. पुट्टी गेली. खाली पुन्हा रंग. आता हे काय? त्याच्याखाली आणखी पुट्टी, आणि मग एक मॅटचा तुकडा, आणि त्या तुकड्यावर ग्राइंडरचा सँडपेपर लागला तर भुकटी उडायच्या ऐवजी पेपरच चिकटला. मी ग्राइंडर बंद केला. बोट लावलं. चिकट. नाक जवळ नेलं तर कच्च्या रेझिनचा वास, जणू आज सकाळी लावलंय. आठवडेच्या आठवडे उलटले असतील तरी ते आत कच्चंच राहिलं होतं. त्याच्या शेजारी आणखी एक तुकडा, तो उलट तपकिरी, करपलेला, नखानं टोचला तर टवका उडाला.

रेझिनमध्ये हार्डनर घालतात, तेव्हा ते कडक होतं. तो थेंबांच्या हिशोबात. कमी पडला तर रेझिन जन्मभर कच्चं राहतं, जास्त झाला तर तापून करपतं आणि ठिसूळ होतं. इथं एका ठिकाणी कमी, दुसऱ्या ठिकाणी जास्त. असं काम शिकाऊ माणूससुद्धा करत नाही.

"कुठल्या गाढवानं केलंय हे?" मी मास्क खाली ओढून ओरडले. "मापाचा पत्ता नाही, मागून एक थर नाही! कुणाकडे गेला होतात बाबा? हात मोडले पाहिजेत त्याचे!"

पेंटर खोकला. तो कधी खोकत नाही.

मी पुन्हा वाकून बघितलं, आणि मॅटची कड दिसली. कापलेली नव्हती. हातानं फाडलेली होती, धागे सुटे सोडलेली. सगळं जग मॅट कात्रीनं कापतं. एक माणूस ती फाडतो, कारण फाडलेली कड आजूबाजूला मिसळून जाते आणि कापलेली कड पायरीसारखी उभी राहते. मीसुद्धा फाडते, त्यांनी शिकवलं म्हणून. पण हे मी केलेलं नव्हतं.

बापाला गाढव म्हणायची माझी छाती नाही, पण म्हणून तर झालं होतं.

कितीतरी महिने मी या पेंटरच्या नावानं खडे फोडत होते, की रेझिनचा डबा इतका लवकर कसा संपतो. तो बिचारा सांगायचा, ताई, मी हात लावत नाही. आता त्यानं माझ्याकडे बघून असं काही नाक उडवलं की मी दुसरीकडे बघितलं. वर्कशॉपची एक चावी बाबांकडे असते. सुट्टीच्या दिवशी जरा बसून येतो, जुन्या जागी बरं वाटतं, असं म्हणून येतात. आम्ही म्हणायचो, जाऊ दे, म्हाताऱ्या माणसाचा वेळ जातो. असा वेळ जात होता तर.

मी नाणं घेतलं आणि सगळी गाडी वाजवत फिरले. उजवं मडगार्ड, खणखणीत. उजवं दार, खणखणीत. मागची उजवी बाजू, त्यांनी केली तेव्हा होती तशी. मग डावीकडे आले. दाराचा खालचा काठ, ठप्प. मागच्या चाकाची कमान, ठप्प. मागचा कोपरा, ठप्प, ठप्प. बाबांनी आता ओरडणं सोडलं होतं. ते स्टुलावर बसून नुसते ऐकत होते.

सगळं डावीकडे. उजवीकडे एक नाही. एखादा माणूस निष्काळजी असेल तर दोन्हीकडे ठोकेल ना? डावीकडचं दिसत नव्हतं म्हणायचं, आणि त्याच डोळ्यांच्या भरवशावर हार्डनर ओतला होता. बाबांनी आयुष्यात कधी माप वापरलं नाही. टोपणात ओतायचा, डोळ्यांनी बघायचं, घालायचा. मी मापाची सिरिंज आणली तेव्हा मला हसले होते. डोळा हेच माप, म्हणाले होते. ते माप कधी बिघडलं ते आम्हाला कळलंच नाही, आणि त्यांना कळलं होतं तर त्यांनी सांगितलं नाही. हात धुवायच्या निमित्तानं मी नळापाशी गेले आणि तिथं नुसतीच उभी राहिले.

आता आली का पंचाईत! मडगार्ड खरोखरच वाचण्यासारखं नव्हतं. थराला थर धरत नव्हता, मागून आधार नव्हता, कारण गाडीखाली आडवं होणं आता बाबांना जमत नाही. फ्रेमला चिकटवलेली कडसुद्धा सुटत आली होती. त्याच्यावर मी कितीही चांगलं काम केलं असतं तरी ते कच्च्या पायावर चढवलेली भिंत झालं असतं. खरं उत्तर एकच होतं, काढा आणि नवं बसवा. म्हणजे धाकट्यानं मला जे खोटं बोलायला सांगितलं होतं, तेच अक्षर न अक्षर खरं निघालं. भाग मिळत नाही एवढंच काय ते खोटं. एकाकडे या गाडीचा साचा आहे, तो करून देतो. पण आता मी 'बदला' म्हटलं तर बाबांना काय वाटणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मनातल्या मनात मी धाकट्याला अशा शिव्या घातल्या की त्याला तिकडे ठसका लागला असेल.

"बाबा," मी म्हणाले, "हे बदलावं लागेल."

"धाकट्यानं शिकवलं?"

"नाही!"

"रेझिनवाला एवढा वेळ बोलत नाही. आणि तू त्याच्यावर ओरडतेस, पण असं रडवेलं तोंड करून परत येत नाहीस." ते हसले, पण त्यात काही हसू नव्हतं. "सगळ्यांचं ठरलंय ना? सांगा की म्हाताऱ्याला, गाडी गेली म्हणून. मीही जन्मभर हाच धंदा केलाय. फायबर मरत नाही."

मला भयंकर राग आला. एकतर खरं बोलावं तर खोटारडी ठरते, आणि खोटं बोलायला घरचे पाठवतात. मी त्यांचा हात धरला, त्यांना उठवलं, गाडीपाशी आणलं आणि नाणं त्यांच्या हातात कोंबलं.

"माझ्यावर विश्वास नाही ना? धाकट्यावर नाही ना? मग तुम्ही वाजवा."

ते उभे राहिले. मग वाकले आणि वाजवायला लागले. आधी चिरेपासून लांब, जिथं चांगलं वाजेल अशी आशा असावी. ठप्प. थोडं वर. ठप्प. नाणं ते सरकवत गेले, कान जवळ नेत गेले. त्यांचे कान अजून माझ्यापेक्षा तिखट आहेत. दिव्याजवळ एका जागी जरा खणकलं, तिथं ते परत परत वाजवत राहिले. पेंटरनं ब्रश खाली ठेवला होता. मला त्यांच्या हातातून नाणं काढून घ्यावंसं वाटत होतं, पण मी नाही घेतलं.

शेवटी ते सरळ झाले.

"बदलावं लागेल," बाबा म्हणाले.

हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. मी जिंकले होते, आणि मला मुळीच बरं वाटलं नाही. बरं न वाटण्यानं माझा राग आणखीच वाढला.

"मग एक सांगा," मी म्हणाले. "आधीची सगळी कामं तुम्ही लपवून केलीत. गुपचूप आलात, गुपचूप भरलीत, रंगसुद्धा मारलात. हेही तसंच केलं असतंत, आम्हाला काय कळलं असतं? आजच का आणलीत माझ्याकडे?"

बाबा तळहातावरच्या नाण्याकडे बघत राहिले.

"आधीचे खांब होते," ते म्हणाले. "एकदा फाटक होतं. एकदा कठडा."

"आणि या वेळी?"

"बाई होती. सायकलवर."

पेंटर मागच्या दारानं बाहेर गेला.

"लागलं तिला?"

"नाही. भिंतीला टेकली म्हणून वाचली. सायकलचं चाक गेलं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मला दिसलीच नाही गं ती. आवाज झाला तेव्हा कळलं की तिथं कुणीतरी आहे. डावीकडचं मला आता... पडदा ओढल्यासारखं आहे. हळूहळू आला, मला वाटलं जाईल. मी उतरलो. म्हटलं, आता ही मला फाडून खाणार. खायलाच पाहिजे होतं. तिनं तोंड उघडलं, आणि मग माझ्याकडे नीट बघितलं. आणि म्हणाली, 'जाऊ द्या आजोबा. जपून जा घरी.'"

"जपून जा घरी," ते पुन्हा म्हणाले. "आणि मी गेलो. तीच गाडी चालवत गेलो. आणि आज इथं आलो तेही चालवतच."

"घरी सांगितलंत?"

"कुणाला सांगू? तुझी आई म्हणेल, असू दे हो, दोन घास खाऊन घ्या. धाकटा म्हणेल, बाबा, तुम्ही टेन्शन घेऊ नका. सगळे म्हातारा म्हणून सोडून देतात मला. तिनंही सोडून दिलं. अगं, मी माणूस मारला असता, आणि मला कुणी साधं रागावतसुद्धा नाही." त्यांनी नाणं माझ्या हातात परत ठेवलं. "तू नाही सोडणार. तू कुणाच्या बापाला ऐकत नाहीस. म्हणून आणली तुझ्याकडे. सकाळपासून सांगायचं म्हणतोय, पण तोंडातून निघालं पुट्टी भर म्हणून. आता बोल काय बोलायचं ते."

आई म्हणाली होती, लागेल असं बोलू नकोस. धाकटा म्हणाला होता, खोटं बोल. आणि ज्या माणसासाठी हे सगळं सोंग चाललं होतं, तो समोर उभा राहून ओरडा मागत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं का कशाचं कोण जाणे, आणि ते पुसताना हातावरची काचेची कूस डोळ्यांत गेली. त्यानं तर माझा तोलच सुटला.

"मेली असती ती, बाबा!" मी ओरडले. "मेली असती! तिच्या घरी कुणी वाट बघत असेल, याचा विचार केलात? दिसत नाही आणि गाडी चालवता? दिसत नाही आणि माप डोळ्यांनी घेता? मला पुट्टी भरायला सांगता? कुणाला फसवत होतात, मला? मला! सुट्टीच्या दिवशी चोरासारखे येऊन माझं रेझिन संपवता आणि मी त्या पेंटरला शिव्या घालते! डॉक्टरकडे गेलात? नाही ना? आज जायचं. आत्ता जायचं. आणि यापुढे स्टिअरिंगला हात लावलात तर बघा!"

"हो," बाबा म्हणाले.

"हो काय, हो! त्या बाईचं घर शोधायचं, तिला नवं चाक द्यायचं आणि तिच्यासमोर उभं राहून ऐकून घ्यायचं. ती नाही ओरडली तर मी ओरडेन तिच्या वतीनं!"

"हो."

ओरडता ओरडता मला एका जागी उभं राहवत नाही, मी गाडीच्या पुढून फेरी मारून त्यांच्या पलीकडे गेले आणि तिथून बोलत राहिले. बाबा मान खाली घालून ऐकत होते, ते गोंधळले. त्यांनी डोकं वर केलं आणि मला शोधायला सगळी मान वळवली, खांद्यासकट वळले, तरी नजर माझ्या अलीकडेच अडखळली. मी त्यांच्या डाव्या हाताला होते, हात लांब केला तर लागेन इतकी जवळ.

मी गुमान परत आले, त्यांच्या उजवीकडे उभी राहिले, त्यांना मी दिसते आहे ना ते बघितलं, आणि जिथं थांबले होते तिथून पुन्हा ओरडायला लागले.